साहेबाची कडकी

लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत दिवाळखोरीचा विषय काढणे अशुभ खरे. पण दोष भाषेचा आहे. ‘दिवाळी’ आणि ‘दिवाळे’ हे दोन शब्द तिने इतके शेजारीशेजारी बसवून ठेवले आहेत की एकाकडे जाताना दुसऱ्याला पाय लागतोच. व्यापारी बुडाला म्हणजे तो भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी आणि घेणेकऱ्यांनी काय ते समजून घ्यावे, अशी एक जुनी चाल सांगतात. यूल आणि बर्नेल या दोन इंग्रजांनी १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा आपला प्रसिद्ध कोश काढला, त्यात या शब्दाची नोंद आहे. दिव्याची ही कथा त्यांनी दिली आहे आणि व्युत्पत्ती वादग्रस्त असल्याचेही प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

दुसऱ्याच्या घरातले दिवाळे इतक्या आस्थेने टिपून घेणाऱ्या या साहेबाच्या स्वतःच्या घरात काय होते? त्याचा ‘बँकरप्ट’ हा शब्द इटलीहून आला. तिकडच्या शहरांत सराफ बाजारात बाक मांडून नाण्यांची देवघेव करीत. ‘बांका’ म्हणजे ते बाक आणि ‘रोत्ता’ म्हणजे मोडलेले. सराफ बुडाला की लोक येऊन त्याचे बाक खरोखरच मोडीत, अशी कथा मोठ्या चवीने सांगितली जाते. पण ती आपल्या दिव्याच्या कथेइतकीच खरी मानावी. शब्द मात्र खरा आहे. ‘आय ॲम ब्रोक’ असे आजचा इंग्रज विद्यार्थी महिनाअखेरीस म्हणतो, तेव्हा तोही मोडलेलाच असतो.

आपल्या आजोबा-पणजोबांना साहेब कफल्लक असू शकतो हे कोणी सांगितले असते तर पटले नसते. इकडे आलेला साहेब म्हणजे बंगला, घोडा, बटलर आणि दरमहा ठरलेला पगार. पण त्याची भाषा जरा उलटून पाहा. खिशात पैसा नाही एवढे एकच सांगण्यासाठी तिने जेवढे वाक्प्रचार जमवले आहेत, तेवढे मला वाटते सुखवस्तूपणासाठीही जमवले नसतील. ते गमतीदार आहेत. मात्र त्यांतला एकेक उचलून खाली काय आहे ते पाहू लागले की हसू हळूहळू ओसरते.

इंग्रज दर्यावर्दी, म्हणून त्याची कडकीही पहिल्याने समुद्रावर भेटते. पैशाच्या ओढाताणीला तो ‘हार्ड अप’ म्हणतो. सुकाणू वळेल तितके वळवून झाले, आता आणखी वळत नाही, अशी ही खलाशाची अवस्था असल्याचे सांगतात. त्याहून वाईट म्हणजे ‘ऑन हिज बीम एंड्स’. बीम म्हणजे जहाजाच्या पोटातल्या आडव्या तुळया. जहाज कुशीवर पडून त्या तुळयांची टोके पाण्याला टेकली की पुढचे सांगायला नको. ‘ऑन द रॉक्स’ म्हणजे खडकावर आदळलेला. आणि कोणी चार पैसे उसने देऊन वेळ निभावून नेली तर त्याने ‘टाइड ओव्हर’ केले. वारा पडला की शिडाचे जहाज भरती-ओहोटीच्या ओढीवरच जमेल तितके पुढे सरकवीत आणि ओढ उलटली की नांगर टाकून बसत. महिन्याच्या पंचविशीपासून एक तारखेपर्यंतचा आपला प्रवास याहून निराळ्या रीतीने होतो असे नाही.

समुद्रावरून घरी आला की इंग्रजाची गरिबी त्याच्या कपड्यांवर दिसते. कोट कोपरांवर फाटला, बुटाची टाच झिजली, शेवटी तळवा संपून वरचे कातडे तेवढे राहिले. या प्रत्येक पायरीला एकेक वाक्प्रचार आहे आणि शेवटच्या पायरीला ‘ऑन हिज अपर्स’ म्हणतात. आपल्याकडे टंचाई आधी स्वयंपाकघरात कळते. डबे खडखडतात, हातावर पोट येते. इंग्रजीतही हातातून तोंडात जाणारे जिणे आहे, दाराशी आलेला भुकेचा लांडगाही आहे. पण त्याचा सारा जीव कोटात. कोट शाबूत तोवर अब्रू शाबूत.

आणि नेमका हा कोटच त्याला गहाण टाकावा लागे.

गहाणवटीच्या दुकानावर तीन सोनेरी गोळे टांगलेले असत. दुकानदाराला अठराव्या शतकापासून लोक ‘अंकल’ म्हणत आले. घड्याळ कुठे गेले म्हणून कोणी विचारले, तर ‘काकांकडे आहे’ म्हणून सांगायला सोय! फ्रेंच माणसाने त्याच ठिकाणी मावशी-आत्या बसवली आहे. त्याच्या भाषेत वस्तू ‘मा तांत’कडे जाते. अडचणीच्या वेळी नातेवाईक आठवतात हे दोन्ही राष्ट्रांत सारखेच. फरक एवढाच की या नातेवाइकाचे व्याज सरकारने ठरवून दिलेले असे. दुकानात एक उभी पोकळ वाट असे, तिला ‘स्पाउट’ म्हणत. तारण घेतलेले गाठोडे त्या वाटेने माडीवरच्या कोठारात वर खेचले जाई. ‘अप द स्पाउट’ म्हणजे काम बिघडले, माणूस बुडाला, हा अर्थ त्या गाठोड्यावरून आला. वस्तू गहाण टाकण्याला ‘पॉप’ असाही शब्द होता. ‘पॉप गोज द वीझल’ हे बालगीत इंग्रजी शाळांतून आपल्याही मुलांच्या तोंडी आले आहे. त्यातल्या मुंगसासारख्या प्राण्याचा अर्थ काय यावर पंडित भांडत असतात, पण त्यातला ‘पॉप’ गहाणवटीचा आहे असे पुष्कळांचे मत आहे. मुले बिचारी टाळ्या वाजवून गातात.

या दुकानाचे खरे गिऱ्हाईक म्हणजे मजुराची बायको. सोमवारी सकाळी ती नवऱ्याचा रविवारचा सूट घेऊन तेथे जाई. त्या पैशांवर आठवडा चाले. शनिवारी रात्री मजुरी हातात पडली की सूट सोडवायचा, रविवारी तो अंगावर घालून देवळात जायचे आणि सोमवारी पुन्हा काकांकडे. १८७२च्या कायद्याने छोट्या कर्जावर दर दोन शिलिंगांस महिन्याला अर्धा पेनी व्याज ठरवले होते. शिलिंगाचे पेन्स बारा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचवीस टक्के. सावकारीची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हा दर फार भयंकर वाटणार नाही. पण मेख पुढेच आहे. महिन्याचा तुकडा झाला तरी व्याज पूर्ण महिन्याचे. दहा शिलिंगांवर ठेवलेला सूट पाच दिवसांनी सोडवला तरी अडीच पेन्स द्यायचे. पुन्हा सोमवारी ठेवला की नवा महिना सुरू. बावन्न आठवड्यांचे १३० पेन्स झाले, म्हणजे दहा शिलिंग दहा पेन्स. तिकिटाचा अर्धा पेनी दर खेपेस निराळाच. दहा शिलिंगांच्या उचलीवर वर्षाला दहा शिलिंगांहून अधिक व्याज भरून सूट होता तिथेच! ‘अंकल’ हा शब्द प्रथम कोणी हसत उच्चारला असेल तो असेल. त्या बाईने खास नव्हे.

तरीही गहाणवटीचे दुकान बरे म्हणायचे. तेथे वस्तू अडकून पडे. उधारीने माणूसच अडकून पडे.

इंग्लंडात शेकडो वर्षे कायदा असा होता की घेणेकऱ्याने वॉरंट आणले की बेलिफ येऊन ऋणकोला धरून नेई. ऐपतीबाहेर खर्च करणाऱ्याला ‘शिपायाच्या पुढे पळणारा’ म्हणत, ते अक्षरशः खरे होते. रविवारी मात्र अटक करायची नाही, असा निर्बंध १६७७च्या कायद्याने घातला. त्यामुळे आठवडाभर दार लावून बसायचे आणि रविवारी छानछोकीने बाहेर पडायचे, अशी एक जातच निर्माण झाली. तिला ‘संडे मॅन’ हे नाव पडले. ‘रॉबिन्सन क्रूसो’ लिहिणारा डॅनियल डीफो १६९२ साली बुडाला, तो सतरा हजार पौंडांना. तो ब्रिस्टल शहरात लपून राहिला असता लोक त्याला ‘रविवारचे गृहस्थ’ म्हणत, अशी आख्यायिका आहे. एकाकी बेटावर अडकलेल्या माणसाची हकीकत त्याला कशी सुचली याची निराळी चौकशी मग करावीशी वाटत नाही.

भाडे थकले असले तर युक्ती वेगळी. घरमालकाला भाड्यापोटी सामान अडकवण्याचा हक्क असे. तेव्हा सामान रातोरात गाडीवर चढवून बिऱ्हाड हलवायचे. याला ‘मूनलाइट फ्लिट’ म्हणत. वाक्प्रचारात चांदणे आहे, पण असल्या कामाला अंधारी रात्रच बरी पडत असणार.

धरलेल्या माणसाला एकदम तुरुंगात नेत नसत. आधी बेलिफाच्या घरी, ‘स्पंजिंग हाउस’मध्ये ठेवीत. स्पंज जसा पिळावा तसे त्याला तेथे पिळून घ्यायचे. खोलीचे भाडे, जेवणाचे दाम, मेणबत्तीचे दाम, सारे बाहेरच्याहून दुप्पट-तिप्पट. नाटककार शेरिडनचेच पाहा. पार्लमेंटच्या सभासदाला ऋणासाठी धरता येत नसे, म्हणून खासदारकी हे त्याचे चिलखत होते. १८१२ साली तो निवडणूक हरला आणि चिलखत गळाले. पुढच्याच वर्षी, आयुष्यभर सारे लंडन हसवलेला हा माणूस बेलिफाच्या स्वाधीन झाला.

येथे एक तांत्रिक मुद्दा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण सगळे दुःख त्यातच आहे. आज आपण कोणालाही दिवाळखोर म्हणतो. इंग्लंडात १८६१पर्यंत दिवाळखोर होण्याचा अधिकार फक्त व्यापाऱ्याला होता. अधिकार हा शब्द मी विचार करूनच वापरतो. व्यापारी हजारो पौंड बुडवून कोर्टात आला की मालमत्ता वाटून दिल्यावर १७०५च्या कायद्यान्वये तो ऋणमुक्त होऊ शके. कारकून, शिंपी-न्हाव्यांचा गिऱ्हाईक, पेन्शनर, विधवा यांना ही वाट नव्हती. त्यांचे देणे पाच-पंचवीस पौंडांचे. ते फिटेपर्यंत तुरुंग. आणि तुरुंगात बसून ते फेडायचे कसे, हा प्रश्न कायद्याला बराच काळ पडलाच नाही. लंडनच्या फ्लीट तुरुंगाला रस्त्याच्या बाजूने एक गजांची खिडकी होती. तेथे एकेक कैदी पाळीने उभा राहून गरीब ऋणकोंसाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे भीक मागे.

थेम्सच्या दक्षिणेला सदर्क भागात असाच मार्शल्सी नावाचा तुरुंग होता. १८२४च्या फेब्रुवारीत तेथे जॉन डिकन्स नावाचा आरमारी पगारखात्यातला एक कारकून आला. नानबाईचे देणे होते चाळीस पौंड दहा शिलिंग. पोशाखी, बोलका, पाहुण्यांचा षौकी असा हा माणूस. पैसा त्याच्या हातात टिकत नसे. घरातली एकेक वस्तू आधीच गहाणवटीच्या दुकानात गेली होती आणि ती पोचवण्याचे काम थोरल्या मुलाकडे असे. सर्वांत आधी गेली ती पुस्तके. मुलगा नुकताच बारा वर्षांचा झाला होता. बापाच्या अटकेच्या सुमारासच त्याला नदीकाठच्या बुटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर लावले. पॉलिशच्या बुधल्यांवर कागद बसवायचा, दोरा बांधायचा, चिठ्ठी डकवायची. पुढे आई आणि धाकटी भावंडे बापाबरोबर तुरुंगातच राहायला गेली. तशी मुभा असे. चार्ल्स बाहेर भाड्याच्या खोलीत राही आणि भेटीला तुरुंगात जाई. म्हातारी आजी वारली, तिच्याकडून थोडा वारसा आला आणि सुमारे तीन महिन्यांनी बाप सुटला. मुलाला मात्र त्यानंतरही काही काळ कारखान्यातच राहावे लागले.

पंचवीस वर्षांनी या मुलाने ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ लिहिली. त्यात मिकॉबर नावाचे गृहस्थ आहेत. सदा कर्जबाजारी, सदा आशावादी. आज ना उद्या काहीतरी घडेलच या भरवशावर संसार ढकलणारे. इंग्रजांना हे गृहस्थ इतके आवडले की त्यांचे नाव भाषेत सामान्यनाम होऊन बसले. आजही नुसत्या आशेवर जगणाऱ्या कफल्लक माणसाला मिकॉबर म्हणतात. सारे जग त्या माणसावर पोट धरून हसले. तो लेखकाचा बाप होता आणि बुधल्यांना चिठ्ठ्या डकवणारा पोरगा लेखक स्वतःच होता, हे वाचकांतल्या कोणालाही माहीत नव्हते. १८७०मध्ये डिकन्स वारल्यावर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने चरित्र लिहिले, तेव्हा ही हकीकत बाहेर आली. इंग्लंडातला सर्वांत लोकप्रिय लेखक, ज्याने दारिद्र्यावर हजारो पाने लिहिली, तो बापाच्या चाळीस पौंडांची लाज आयुष्यभर मनात ठेवून होता. देणेकरी म्हणजे गुन्हेगार असे कायद्याने एकदा ठरवले की लाज पिढ्यान्‌पिढ्या पुरते.

ऋणासाठी तुरुंग हा प्रकार १८६९च्या कायद्याने बहुतांशी बंद झाला. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की ऐपत असून देत नाही असे न्यायाधीशाला वाटले तर सहा आठवड्यांपर्यंतची कैद राहिलीच, आणि ती पुन्हा बहुतेक मजुरांच्याच वाट्याला आली.

दिवाळखोरीचे कोर्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या केरी स्ट्रीटवर आले आणि बुडालेला माणूस ‘केरी स्ट्रीटवर गेला’ असे म्हणू लागले. त्याच्याही आधीपासून ‘क्वीअर स्ट्रीटवर’ राहणारा, म्हणजे पैशाच्या पेचात सापडलेला, असा प्रयोग होता. दोन्ही नावे सारखी ऐकू येतात म्हणून एकापासून दुसरे झाले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण क्वीअर स्ट्रीट १८११च्या लोकभाषेच्या कोशातच आहे. केरी स्ट्रीटवर कोर्ट यायला तेव्हा कितीतरी अवकाश होता. असेच पीटर आणि पॉलचे. एकाचे कर्ज काढून दुसऱ्याचे फेडणे, आपली ‘याची टोपी त्याला’, याला इंग्रज ‘पीटरला लुटून पॉलचे देणे’ म्हणतो. १५५०च्या सुमारास वेस्टमिन्स्टरच्या सेंट पीटरच्या मठाची काही मिळकत सेंट पॉलच्या देवळाच्या डागडुजीला वळवली, त्यावरून हे आले अशी सुरस कथा आहे. मात्र हा वाक्प्रचार चौदाव्या शतकाच्या अखेरच्या लिखाणातच सापडतो. टोपी फिरवण्याची कला त्या मिळकतीपेक्षा जुनी निघाली!

तुरुंगाची भीती गेली आणि विसाव्या शतकात कडकी पुष्कळशी विनोदी झाली. ‘स्टोनी ब्रोक’, ‘स्किंट’ म्हणजे सोललेला, असे शब्द तरुण पोरे मजेने वापरू लागली. पी. जी. वुडहाउसच्या कथांतले तरुण तर सदैव कोणाकडून तरी पाच पौंड उपटण्याच्या खटपटीत असतात. या वुडहाउसच्या कडकीत आपल्या रुपयाचाही हात आहे. त्याचे वडील हाँगकाँगला न्यायखात्यात होते आणि त्यांचे पेन्शन रुपयांत मिळे. १८७०च्या दशकाच्या आरंभी रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग येत. चांदी घसरली, तसा रुपया शतक संपता संपता एक शिलिंग चार पेन्सांवर आला होता. या अस्थिर रुपयापायी पोराला ऑक्सफर्डला पाठवणे झेपेना. १९०० साली त्याला एका बँकेत कारकुनीला बसावे लागले. तेथे त्याचे मन रमले नाही आणि दोन वर्षांत तो पूर्णवेळ लेखक झाला.

पण एक जागा अशी आहे की जिथे या विनोदी भाषेचा आवाज बसतो. जो खरोखरीचा भिकेला लागला, तो ‘ऑन द पॅरिश’ जाई. १६०१च्या कायद्याने गरिबांच्या पोटाची जबाबदारी त्यांच्या गावच्या धर्मपरगण्यावर टाकली होती. १६९७ साली असे ठरले की अशी मदत घेणाऱ्याने, त्याच्या बायकोने आणि मुलांनीसुद्धा उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे ‘पी’ हे अक्षर आणि गावाचे आद्याक्षर शिवून हिंडावे. १८१०पर्यंत हा नियम कायद्यात होता. पुढे १८३४पासून मदतीऐवजी अनाथगृहासारखी ‘वर्कहाउसे’ आली. तेथे नवरा एका दालनात, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्या. गोरगरीब त्यांना ‘बॅस्टिल’ म्हणत, फ्रान्समधल्या त्या कुप्रसिद्ध तुरुंगावरून. येथे काका नाहीत, चांदणे नाही, समुद्र नाही. कडकीची थट्टा करतो तो उद्या पैसे येतील अशी आशा असलेला माणूस. मिकॉबरला वर्कहाउसात टाकले असते तर डिकन्सलाही त्याच्यावर विनोद करता आला नसता.

पहिले महायुद्ध संपल्यावर बेकारांना सरकारी भत्ता मिळू लागला. त्याला लोकांनी नाव दिले ‘डोल’, म्हणजे पूर्वी देवळाच्या दारात वाटीत ती भिक्षा. हक्काच्या पैशालाही जुना भिकेचा शब्द चिकटला तो अजून सुटलेला नाही.

आता ती नाणीही राहिली नाहीत. ‘माझ्याजवळ पितळेचा फार्दिंग नाही’ असे इंग्रज म्हणतो. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. १९६० सालच्या अखेरीस तो चलनातून गेला आणि १९७१च्या फेब्रुवारीत शिलिंगाचा जुना हिशेबही गेला. आपल्याकडे दशमान नाणी १९५७च्या एप्रिलात आली आणि आणे-पै मागे पडले. दमडी तर त्याच्याही कितीतरी आधीची. फार्दिंग न पाहिलेली इंग्रज पोरे फार्दिंग नाही म्हणून रडतात आणि इकडे आमची पोरे, ज्यांनी दमडी कधी हातात धरली नाही, ती फटाक्यांची पिशवी रिकामी झाल्यावर खिसे उलटे करून दाखवतात आणि म्हणतात, “एक दमडी उरली नाही, बाबा!”